बाळंतिणीचा लाडू कुणाच्या वाट्याला आला?

"पीएचडी कशावर करतेस?" या प्रश्नाचं उत्तर मी आता पाठच करून ठेवलंय. "विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यातल्या गरोदर आणि बाळंत बायका काय खायच्या, यावर." मग पुढचं संभाषण तीनपैकी एका वाटेने जातं. समोरची बाई पन्नाशीच्या पुढची असेल तर म्हणते, "अगं, मग आमच्या आईच्या हातच्या डिंकाच्या लाडवांबद्दल लिही." माझ्या वयाची मैत्रीण फोन काढून 'आजीच्या पद्धतीच्या' लाडवांचा घरपोच डबा दाखवते. आणि कुणी डॉक्टर भेटले तर हसून म्हणतात, "त्या लाडवांपायीच वजनं वाढतात बाळंतिणींची."

तिघांचं मत वेगळं असलं तरी तिघं एक गोष्ट धरून चालतात: पूर्वीच्या मराठी बाईला बाळंतपणात तूप, डिंक, खारीक, खोबरं, अळीव मिळत होतं. मीही पहिलं वर्षभर हेच धरून चालले होते. हे गृहीतक कुठे टिकतं आणि कुठे मोडतं, ते आज तुम्हाला सांगायचंय. कारण ते मोडतं त्या जागी वैद्यकाच्या इतिहासातला एक मोठा शोध लागला, आणि तो आपल्या मुंबईत लागला.

आधी पोथीत काय आहे ते पाहू

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात गर्भिणीसाठी महिन्यावार आहार दिलाय. पहिल्या महिन्यात नुसतं दूध. दुसऱ्यात मधुर औषधी घालून सिद्ध केलेलं दूध. तिसऱ्यात दुधात मध आणि तूप. चौथ्यात दुधातून काढलेलं लोणी, एक अक्ष, म्हणजे साधारण तोळाभर. पाचव्यात तूप, सहाव्या-सातव्यात औषधी तूप, आठव्यात दुधात शिजवलेली पातळ पेज, तीही तूप घालून. बाळंत झाल्यावर पचेल तेवढं तूप किंवा तेल, त्यात पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक, सुंठ यांची पूड. ते जिरलं की पाच-सात दिवस पेज. पोटाला कापड गुंडाळायचं. आपल्याकडचे पोटपट्टे, सुंठ-पिंपळी आणि पहिल्या दिवसांतली तूप घातलेली पेज यांची मुळं इथे स्पष्ट दिसतात.

पण ही यादी नीट पाहा. दूध, लोणी, तूप, पुन्हा दूध. ही दुभती जनावरं असलेल्या, दासी आणि वैद्य हाताशी असलेल्या घराची यादी आहे. ग्रंथही ते लपवत नाही. सूतिकागार कसं बांधावं, तिथे किती सामान असावं, कोणत्या स्वभावाच्या बायका सोबतीला असाव्यात, हे सगळं त्यात येतं. ते वाचताना मला शंका यायची की ज्या बाईच्या घरात सोबतीला कुणीच नाही तिच्यासाठी यात काय आहे.

आता लाडवाकडे या. ज्याला आपण 'परंपरागत' म्हणतो तो लाडू एका काळात तयार झालेला नाही. खारीक आणि बदाम शतकानुशतकं अरबी समुद्रापलीकडून व्यापाराने येत राहिले. अळीव 'चंद्रशूर' या नावाने सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त भेटतो, बळ आणि पुष्टी वाढवणारा म्हणून. घरोघरी होणाऱ्या शेंगदाण्याच्या लाडवातला शेंगदाणा तर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांनंतर इकडे रुळला. म्हणजे बायका जे नवं मिळेल, परवडेल आणि पचेल ते घेत गेल्या. मला यात परंपरेचा कमीपणा वाटत नाही, तिची अक्कल वाटते.

पोषणाच्या भाषेत या लाडवात काय असतं? तूप, खोबरं आणि गूळ यांतून भरपूर ऊर्जा. मेथी आणि अळिवातून लोह. खसखशीतून कॅल्शियम. डिंकातून मुख्यतः विरघळणारे तंतू. डिंकाची ताकद म्हणून आपण जी सांगतो ती बरीचशी त्याला तळणाऱ्या तुपाची असते. दूध पाजणाऱ्या बाईला रोज काहीशे उष्मांक जास्त लागतात. शेगडीजवळ निजलेल्या, झोप मोडणाऱ्या, जेवायला धड वेळ नसलेल्या बाईला एका हाताने खाता येईल आणि महिनाभर टिकेल असा तो पदार्थ आहे. कल्पना उत्तम आहे, त्यात वाद नाही.

लाडू वळणारी आणि खाणारी

माझ्या अभ्यासाला खरं वळण अभिलेखागारात नाही, घरात मिळालं. माझी आजी नगर जिल्ह्यातली. तिची पाच बाळंतपणं १९५०च्या दशकात आणि पुढे झाली. मी मोठ्या उत्साहात वही-पेन घेऊन बसले आणि विचारलं, "आजी, तुझ्या वेळी डिंकाचे लाडू कसे करायचे?"

तिने प्रमाण अगदी चोख सांगितलं. डिंक किती, खारकेची पूड किती, गुळाचा पाक कुठवर येऊ द्यायचा, लाडू गरम असतानाच का वळायचे. मी लिहून घेतलं. मग सहज विचारलं, "आणि तुला किती दिवस मिळायचे?"

"मला कशाला मिळतील? मी वाड्यावर कामाला होते. त्यांच्या सुना बाळंत झाल्या की लाडू वळायला मला बोलवायचे."

"मग तू काय खाल्लंस?"

"बाजरीची भाकरी. शेपूची भाजी. हुलग्याचं माडगं. थोरल्याच्या वेळी वाड्यावरच्या काकूंनी मूठभर अळीव दिले होते. बाराव्या दिवशी पाळण्यात घातलं, तेराव्या दिवशी खुरपायला."

मी वही मिटली. ज्या पाककृतीला मी 'माझ्या आजीची' म्हणणार होते, ती तिच्या हाताची होती, तिच्या पोटाची नव्हती. त्या दिवसापासून मी साधनं वाचताना दोन प्रश्न विचारते: हे कुणी बनवलं? आणि ज्या बाईला ते मिळालं, ती किती दिवस निजून होती?

गिरणगावात

हेच दोन प्रश्न घेऊन १९२०च्या दशकातल्या मुंबईत चला. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो बायका गिरण्यांत, बहुतेक सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करत होत्या. चाळीत दहा बाय दहाची खोली, तीत दोन-दोन बिऱ्हाडं. माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. बऱ्याच जणी बाळंतपणाला गावी जायच्या, पण परत आल्यावर जागा मिळेलच याची खात्री नसायची. ज्या मुंबईत राहायच्या त्या शेवटच्या दिवसांपर्यंत कामावर जायच्या आणि जमेल तितक्या लवकर परतायच्या.

मुंबई सरकारने या बायकांची पाहणी करायला डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना नेमलं. त्यांचा अहवाल १९२२मध्ये 'लेबर गॅझेट'मध्ये आला. त्यातली एक गोष्ट वाचून मी बराच वेळ पुढे गेले नाही. कामावर जाताना तान्ह्या मुलांना शांत ठेवायला बाळगोळी द्यायची पद्धत होती. बाळगोळीत अफू असायची. आणि हे एखाददुसऱ्या घरात नव्हतं, बहुतांश कामगार बायकांच्या मुलांना ती दिली जात होती.

खसखस आणि अफू एकाच झाडाची. वाड्यातल्या बाळंतिणीच्या लाडवात खसखस, कारण तिला झोप लागावी आणि दूध यावं. चाळीतल्या बाळाच्या तोंडात अफू, कारण आईला भोंग्याच्या आत गिरणीत पोचायचं होतं. त्या आयांना काही कळत नव्हतं असं समजू नका. काय करायला हवं ते त्यांच्या आयांनीही त्यांना सांगितलं होतंच. त्यासाठी लागणारे दिवस त्यांच्याजवळ नव्हते.

लूसी विल्स आणि चौथा दिवस

१९२८मध्ये लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. वय चाळीस. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी भारतातल्या मातामृत्यूंचा तपास सुरू केला होता, त्यातला एक भाग त्यांच्याकडे आला. तेव्हा गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी व्हायच्या आणि ज्या उरायच्या त्या फुगून मोठ्या झालेल्या असायच्या. बाई पांढरीफटक पडायची, जेवण जाईनासं व्हायचं, आणि कित्येकदा ती बाळंतपणात दगावायची.

विल्स परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आणि पुढे कामा हॉस्पिटलमध्ये काम करत होत्या. आधी त्यांनी जंतू शोधले. सापडले नाहीत. मग त्यांनी घरं आणि ताटं बघायला सुरुवात केली. त्यांच्या शोधनिबंधांवर मेहता आणि तळपदे ही सहलेखकांची नावं दिसतात. मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी त्यांनी तळपदे यांच्यासोबत छापली. रोग सगळ्यात जास्त कुणाला, तर ज्यांच्या ताटात दूध, फळं, भाज्या सगळ्यात कमी त्यांना. त्या वेळच्या मुंबईत त्यात गरीब मुस्लिम बायकांचं प्रमाण मोठं होतं. पैसेवाल्या घरांतल्या बायकांना तो क्वचितच व्हायचा.

मग त्यांनी अशाच अपुऱ्या आहारावर उंदीर आणि माकडं ठेवून पाहिली. उंदरांच्या प्रयोगात गोंधळ झाला, कारण त्यांना उवांमधून होणारा वेगळाच संसर्ग होता हे नंतर कळलं. पण माकडांना यीस्टचा अर्क दिल्यावर त्यांचं रक्त सुधारलं. हा अर्क म्हणजे मार्माइट. बिअर बनवून उरलेल्या यीस्टपासून केलेला काळा, खारट, चिकट पदार्थ, इंग्लंडात पावाला लावून खातात. स्वस्त. तोच त्यांनी रुग्ण बायकांना दिला. तीन-चार दिवसांत भूक परत आली, आणि चौथ्या दिवसापासून रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१मध्ये हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं.

त्यात नेमकं काय होतं हे विल्स यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या एका पंडुरोगावर चालणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क इथे चालत नव्हता, पण साधा, न गाळलेला अर्क चालत होता. म्हणजे हे काहीतरी वेगळंच होतं. बरीच वर्षं लोक त्याला 'विल्स घटक' म्हणत. १९४१मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो वेगळा काढला गेला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव पडलं. नव्या पेशी तयार होताना डीएनए बनवायला तो लागतो. गर्भ वाढत असताना आईच्या शरीरात नव्या पेशींचंच काम चाललेलं असतं, म्हणून टंचाई तिला आधी जाणवते. १९९१मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने हेही दाखवलं की गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर बाळाच्या मज्जारज्जूचे दोष बऱ्याच अंशी टळतात. आज दिवस राहण्याआधीपासून जी छोटी गोळी डॉक्टर देतात, तिचा उगम परळ आणि कामामधल्या त्या बायकांच्या रक्तात आहे. त्यांची नावं कुठेच नाहीत.

मग लाडवाने त्या वाचल्या असत्या का?

हा प्रश्न मला व्याख्यानानंतर हमखास विचारला जातो. सरळ उत्तर: फारसं नाही. तूप, गूळ, खोबरं, डिंक यांत फोलेट नगण्य. मेथीदाण्यात थोडं असतं, पण एका लाडवात मेथी ती किती. फोलेट मिळतं हिरव्या पालेभाज्यांतून, कडधान्यांतून, शेंगदाण्यातून. तेही भाजी फार वेळ उकळली आणि पाणी फेकून दिलं तर बरंचसं निघून जातं.

आता आजीचं ताट आठवा. शेपू, हुलगे, बाजरी. ज्या जेवणाला तिने गरिबीचं म्हणून बाजूला सारलं, त्यात हा घटक लाडवापेक्षा जास्त होता. उलट अनेक सुखवस्तू घरांतल्या पथ्यात कडधान्यं 'वातूळ' म्हणून आणि पालेभाज्या बाळाला बाधतात म्हणून महिनाभर बंद असत. म्हणजे जिला लाडू होता तिच्या ताटात बऱ्याचदा भाजी नव्हती, आणि जिला भाजी होती तिच्या अंगावर मांस चढेल एवढं तूप नव्हतं. गिरणगावातल्या त्या बायकांच्या ताटात दोन्ही नव्हतं. शेपू उगवायला परसदार नाही, आणि तूप घ्यायला पैसे नाहीत. गाव सोडल्यावर आधी काय सुटलं असेल तर हे फुकटचं हिरवं.

म्हणून 'पूर्वीचं खाणं चांगलं होतं' आणि 'पूर्वीचं खाणं अडाणी होतं' ही दोन्ही वाक्यं मला आता अर्धवट वाटतात. तुम्हीही ती ऐकलीत की विचारा, कुणाचं पूर्वीचं?

आठ आणे

विल्स यांचे प्रयोग सुरू होते त्याच वर्षांत मुंबईच्या कायदेमंडळात याच बायकांवर दुसरी चर्चा चालू होती. आर. एस. आसवले यांनी कामगार स्त्रियांना प्रसूतिभत्ता देण्याचं विधेयक आणलं होतं. गिरणीमालकांचा विरोध होता. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा. पण बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तेव्हा त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९मध्ये कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. दिवसाला आठ आणे, आणि प्रसूतीनंतर चार आठवडे कामाला बंदी.

चार आठवडे. आपल्या सव्वा महिन्याच्या जवळ जाणारा आकडा. मला या कायद्याकडे पाहताना नेहमी वाटतं की वाड्यातल्या बाळंतिणीच्या खोलीत जे सासू, आई, सुईण आणि माझ्या आजीसारख्या बायका मिळून घडवत होत्या, ते कायदेमंडळ पहिल्यांदाच पैशात मांडू पाहत होतं. तो अपुरा होता. तो फक्त कारखान्यांपुरता होता, काही महिन्यांच्या सलग नोकरीची अट होती, आणि पुढच्या दशकांत गिरण्यांतलं बायकांचं प्रमाणच घटत गेलं. शेतात खुरपणाऱ्या बाईला तर त्यातला एक आणाही नव्हता. माझ्या आजीचा तेरावा दिवस हा त्या कायद्यानंतर पंचवीस वर्षांनी आला.

आणि आता

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आहे. सरकारी दवाखान्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मोफत मिळते, गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस. २०१७पासून प्रसूतीची रजा २६ आठवडे झाली, पण ती नोकरीच्या पटावर नाव असलेल्यांना. महाराष्ट्रात आदिवासी भागात २०१५पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा शिजवलेलं चौरस जेवण मिळतं: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी. त्यात भाजी आणि डाळ आहे हे वाचून मला विल्स आठवल्या.

तुमच्या घरात कुणी गरोदर किंवा बाळंत असेल, तर इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी एवढंच सांगू शकते. लाडू जरूर करा, पण त्याच्या शेजारी पालेभाजी आणि मोड आलेली कडधान्यंही असू द्या. अळिवावर लिंबू पिळा. त्याने लोह अंगी लागायला मदत होते. गोळीबरोबर चहा नको, चहाने उलट होतं. गोळी की लाडू असा प्रश्नच चुकीचा आहे, गोळीचं डॉक्टरांना विचारा. आणि विकतचा डबा आणलात तर त्याच्याबरोबर चाळीस दिवस कुणीतरी तिचं काम अंगावर घ्यायला हवं, हे विसरू नका. ते डब्यात येत नाही.

एक विनंतीही आहे. घरातल्या वयस्कर बाईशी बोलताना "बाळंतपणात काय खाल्लंत?" एवढंच विचारून थांबू नका. "कितव्या दिवशी कामाला लागलात?" हेही विचारा. माझ्या वहीत आजवर तिसऱ्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंतची उत्तरं आहेत. तुम्हाला मिळालेलं उत्तर मला लिहून पाठवा, गाव आणि साधारण साल घालून. नाव नको.